मॅकवर विंडोजचा प्रोग्राम चालेना म्हणून मशीन फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि कॉम्प्युटर सर्व्हिसचं काम करते. सांगली, मिरज, कुपवाड आणि कधी तासगावपर्यंत कॉल असतात. गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारची तक्रार इतकी वाढलीय की म्हटलं आता पेपरातच लिहावं, एकेकाला फोनवर सांगून पुरत नाही. तक्रार अशी की नवीन मॅकबुक घेतलं, त्यावर ऑफिसचा नाहीतर कॉलेजचा विंडोजचा प्रोग्राम टाकला आणि एरर येतोय. मग कोणी सांगतं व्हायरस आहे, कोणी सांगतं पीसच फॉल्टी लागला, कोणी फॉरमॅट मारून देतो आणि पैसे घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच एरर परत हजर. यात मशीनचा दोष नसतो आणि वापरणाऱ्याचाही नसतो. एरर काय म्हणतोय ते नीट वाचलं तर बरेचसे घरच्या घरी सुटतात, आणि जे सुटणारच नाहीत ते सुटणार नाहीत हे पहिल्याच दिवशी कळतं. हे दुसरं कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लोकांचे पैसे आणि दिवस तिथेच वाया जातायत.

एकदम एवढं का वाढलं त्यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, त्यामुळे आपल्याकडच्या ऑफिसांतले जुने पीसी चालू असूनही बाद झाले. मग नवीन घ्यायचंच आहे तर मॅकच घेऊ, टिकतो, बॅटरी दिवसभर जाते, असं बऱ्याच जणांनी ठरवलं. मॅक मशीन म्हणून चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या जिल्ह्यातलं निम्मं कामकाज विंडोजच्या प्रोग्रामांवर चालतं, टॅली म्हणा, अडतीचे प्रोग्राम म्हणा, टेंडरच्या सह्या म्हणा, आणि ते मॅकवर कसं चालणार हा प्रश्न विकत घेताना कोणी विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही.

मूळ भानगड चिपची आहे. २००६ पासून २०२० पर्यंतच्या मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर असायचा, साध्या विंडोज पीसीत असतो तसलाच, त्यामुळे बूट कॅम्प नावाच्या ॲपलच्याच सोयीने त्यावर थेट विंडोज टाकता यायचं आणि ते पीसीसारखंच पळायचं. त्या काळात ज्यांनी मॅकवर टॅली बघितलीय ते आजही छातीठोक सांगतात, "चालतंय की ओ, आमच्या पाहुण्यांच्यात बघितलंय." खरं सांगतात ते, पण ते मशीन वेगळं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ आणला, मग एम२, एम३, एम४ असं पुढे चाललंय, या सगळ्या एआरएम चिप आहेत, मोबाइलमध्ये असतात त्या घराण्यातल्या, आणि यांच्यावर बूट कॅम्प नाहीच. विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम लिहिलेले असतात इंटेलच्या भाषेत, ते या चिपला थेट कळत नाहीत, मध्ये कोणीतरी भाषांतर करायला लागतं. एरर येतो तो बहुतेक वेळा या भाषांतरात कुठेतरी अडकल्यामुळे.

म्हणून एरर आला की आधी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून अबाउट धिस मॅक उघडा. तिथे चिप म्हणून ॲपल एम-काहीतरी लिहिलंय का प्रोसेसर म्हणून इंटेल लिहिलंय ते बघा. फोन करणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते, कारण नेटवरचे निम्मे उपाय इंटेलच्या मॅकसाठी लिहिलेले असतात आणि लोक ते एम चिपवर करून बघत बसतात. ज्यांच्याकडे इंटेलचा मॅक आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बूट कॅम्पवर अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच चालतं, आणि मॅकओएस टाहो २६ ही इंटेल मशीनला मिळणारी शेवटची मोठी आवृत्ती असं ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलंय. त्यामुळे जुना इंटेल मॅक केवळ विंडोजसाठी आत्ता सेकंडहँड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एम चिपवाल्यांना तीन रस्ते आहेत. एक म्हणजे मॅकच्या पोटातच दुसरा कॉम्प्युटर तयार करायचा, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यात विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती टाकायची. यासाठी पॅरलल्स आहे, ते पैसे देऊन घ्यायला लागतं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एम१ आणि एम२ च्या मॅकवर पॅरलल्समध्ये विंडोज ११ प्रो आणि एंटरप्राइज चालवायला रीतसर मान्यता दिली. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, धंद्यासाठीसुद्धा. यूटीएम पण फुकट आहे. दुसरा रस्ता वाइन नाहीतर क्रॉसओव्हरचा, त्यात विंडोज टाकायलाच लागत नाही, प्रोग्राम जे विंडोजकडे मागतो ते मॅककडून मिळवून दिलं जातं. तिसरा रस्ता सगळ्यात साधा आणि लोक सगळ्यात शेवटी ज्याचा विचार करतात तो, जुना विंडोज पीसी ऑफिसात चालू ठेवायचा आणि मॅकवरून तो दुरून वापरायचा.

आता एररकडे येते. पहिला घोळ विंडोज टाकतानाच होतो. नेटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची मूळ फाइल, उतरवतात ती नेहमीची इंटेलवाली असते, ती एम चिपच्या व्हर्च्युअल मशीनला लावली की काळ्या स्क्रीनवर यूईएफआय इंटरॅक्टिव्ह शेल असं काहीतरी येऊन कर्सर लुकलुकत बसतो, आणि माणसाला वाटतं मॅक गेला. काही गेलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर एआरएम६४ ची आयएसओ वेगळी मिळते, ती घ्यायची, आणि सुरुवातीला प्रेस एनी की असं येतं तेव्हा लगेच कुठलंही बटण दाबायचं, ते चुकलं तरी हाच शेल दिसतो. जुन्या इंटेल मॅकमधलं तयार व्हर्च्युअल मशीन उचलून नव्या एम चिपच्या मॅकवर नेलं तर तेही नेहमीसारखं चालू होत नाही, आतला डेटा आधी जुन्या मॅकवर उघडून बाहेर काढून घ्यायला लागतो. म्हणून नवा मॅक आला म्हणून जुना लगेच एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

विंडोज नीट बसलं, पण प्रोग्राम म्हणतो व्हीसीरनटाइम१४० डीएलएल मिसिंग, नाहीतर एमएसव्हीसीपी१४० मिसिंग. डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी जोडफाइल. हा एरर साध्या पीसीवरही येतो, मॅकचा त्यात काही संबंध नाही. प्रोग्रामला मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल लागतं ते टाकलेलं नसतं, बस्स. इथे माझी हात जोडून विनंती आहे, ती एकटी डीएलएल फाइल फुकट देणाऱ्या साइटवरून उतरवू नका. असल्या साइटवरून काय येईल सांगता येत नाही, आणि तुमच्या त्याच विंडोजमध्ये बँकेचा पासवर्ड आणि पार्टीचा जीएसटी लॉगिन असतो. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ते पॅकेज घ्या, आणि एक्स८६ म्हणजे ३२ बिटचं आणि एक्स६४ म्हणजे ६४ बिटचं, दोन्ही टाका. आपल्या विंडोजची एआरएम आवृत्ती आहे म्हणून फक्त एआरएमचं पॅकेज टाकून लोक थांबतात, पण प्रोग्राम जर ३२ बिटचा असेल तर त्याला एक्स८६ वालंच लागतं. दुसरा एक भीतीदायक दिसणारा आकडा येतो, झिरो एक्स सी, मग पाच शून्यं, मग सात बी, ॲप्लिकेशन वॉज अनेबल टू स्टार्ट करेक्टली असं म्हणून. त्याचंही मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, ३२ आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ झालेली असते. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या टॅबला आर्किटेक्चर नावाचा कॉलम लावता येतो, त्यात कुठला चालू प्रोग्राम एक्स८६ चा, कुठला एक्स६४ चा आणि कुठला एआरएमचा ते सरळ दिसतं. बराच वेळ वाचतो त्याने.

जुने अकाउंटचे प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट ३.५ मागतात, ते विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करायचं. व्हीबी सिक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम एमएसकॉमसीटीएल ओसीएक्स नाही म्हणून ओरडतात, ती फाइल प्रोग्रामवाल्याच्या मूळ सेटअपमध्ये असते, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून रजिस्टर करायला लागते. तारखेवरून एरर येत असेल, इनव्हॅलिड डेट वगैरे, तर विंडोजचं रीजन अमेरिकेचं राहिलंय का बघा, ते इंग्लिश इंडिया करा, कारण अमेरिकेत महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात आणि १२ तारखेनंतरची प्रत्येक एंट्री मग अडकते.

आता एक अशी गोष्ट जी नवख्या माणसाच्या लक्षातच येत नाही. पॅरलल्समध्ये विंडोजचा डेस्कटॉप आणि मॅकचा डेस्कटॉप एकच दिसतो, सोय म्हणून तसं केलेलं असतं. पण विंडोजच्या दृष्टीने तो डेस्कटॉप सी ड्राइव्हवर नसतोच, मॅकचं होम फोल्डर नेटवर्कवरून जोडलेलं असतं. मग डेस्कटॉपवर सेटअप ठेवून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं की कधी तो म्हणतो फाइल सापडत नाही, कधी म्हणतो ॲक्सेस नाही, आणि माणूस तासभर परमिशन बदलत बसतो. सेटअपची फाइल सी ड्राइव्हवर एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून चालवा, एवढंच आहे ते. हिशेबाचा डेटासुद्धा या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका, सी ड्राइव्हवरच ठेवा आणि रोजचा बॅकअप तेवढा बाहेर घ्या.

वाइनच्या रस्त्याने जाणाऱ्यांना बॅड सीपीयू टाइप इन एक्झिक्युटेबल असा एरर येतो. याची दोन कारणं असतात. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटचे मॅक प्रोग्राम बंद झाले, त्यामुळे नेटवर पडलेली वाइनची फार जुनी आवृत्ती चालतच नाही. आणि एम चिपवर रोझेटा टाकलेलं नसेल तरी हाच एरर येतो. रोझेटा म्हणजे इंटेलचे मॅक प्रोग्राम एम चिपवर चालवणारी ॲपलची सोय. ती मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील, पुढे फक्त काही जुन्या गेमपुरती, असं ॲपलने जाहीर केलंय. म्हणून ज्याच्यावर धंदा उभा आहे असा प्रोग्राम वाइनवर बसवून पाच वर्षं निश्चिंत राहू असं समजू नका, बारीकसारीक कामाला वाइन चांगलं आहे.

हे झालं सुटणाऱ्या एररबद्दल. आता न सुटणारे.

मार्केट यार्डात हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडत दुकानांत अजून फॉक्सप्रोचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातले, प्रोग्राम आहेत. सौदा निघाला की वजन, दर, हमाली, तोलाई टाकायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, यात त्या निळ्या स्क्रीनइतकं वेगाने काही चालत नाही, दिवाणजींची बोटं बसलेली असतात त्याच्यावर, माऊसला हात लावत नाहीत. एका दुकानात शेठच्या मुलाने काउंटरवर नवा मॅक ठेवला, व्हर्च्युअल मशीन केलं, विंडोज ११ घातलं, आणि प्रोग्रामवर डबल क्लिक केलं की धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी. एक सर्व्हिसवाला येऊन विंडोज परत टाकून गेला, तरी तेच. मी गेले तेव्हा बाहेर शेतकरी पट्टीसाठी थांबलेले आणि दिवाणजी हाताने बिलं लिहीत होते. शेठ म्हणाले, "ताई, मशीन बदलून घेऊ का?" मी म्हटलं, शेठ, जगातलं कुठलंही ६४ बिटचं विंडोज हा प्रोग्राम चालवणार नाही, मॅक असो नाहीतर पीसी असो, डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्राम त्यातून काढूनच टाकलेत. मशीन बदलूनही हेच झालं असतं. मॅकवर डॉसबॉक्स नावाचा फुकटचा प्रोग्राम मिळतो, त्यात जुना फॉक्सप्रो उघडतो आणि जुना डेटा बघता येतो, पण पट्टीच्या प्रिंटरची आणि दोन मशीनवरून एकाच वेळी एंट्री मारायची जबाबदारी मी त्याच्यावर टाकणार नाही. जुना पीसी परत काउंटरला जोडला, इंटरनेट काढून टाकलं, रोजचा बॅकअप लावून दिला, आणि नवीन प्रोग्राम हंगाम संपल्यावर सावकाश घ्या म्हटलं. हे सांगायला कोणाला मशीन फॉरमॅट करायची गरज नव्हती.

दुसरी न सुटणारी गोष्ट ड्रायव्हरची, म्हणजे बाहेरून लावलेली वस्तू विंडोजला ओळखू देणाऱ्या प्रोग्रामची, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच भरडली जातायत. विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती इंटेलचे प्रोग्राम चालवून दाखवते, ३२ बिटचे पण आणि ६४ बिटचे पण, २०२४ च्या २४एच२ अपडेटपासून प्रिझम नावाचा नवा एम्युलेटर, म्हणजे हे भाषांतर करणारा, आलाय त्याने ते आणखी चांगले चालतात. पण ड्रायव्हर मात्र भाषांतर करून चालत नाहीत. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डोंगल, अंगठ्याचं मशीन, जुना प्रिंटर, कॅश काउंटरचा बारकोड प्रिंटर, यांच्या कंपनीने एआरएम६४ चा ड्रायव्हर दिला असेल तर चालणार, नसेल तर नाही, मग तुम्ही कितीही वेळा इन्स्टॉल करा. आपल्या जुन्या मराठी डीटीपीच्या प्रोग्रामांचं डोंगल पण यातच आलं, छापखानेवाल्यांनी आणि पत्रिका करणाऱ्यांनी मॅक घ्यायच्या आधी हे बघावं.

डिजिटल सहीचं उदाहरण सांगते. एक काँट्रॅक्टर, लहान कामं घेणारे, रस्त्याची, गटाराची. टेंडर भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनला बंद होणार, आणि टोकन दिसत नाही म्हणून साडेबाराला फोन. गेल्यावर आधी बघितलं टोकन कुणाला जोडलंय. व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी लावली की मॅकला जोडू का विंडोजला असं विचारतं, आणि घाईत मॅक दाबलं गेलं की विंडोजला ती वस्तू अस्तित्वातच नसते. ते विंडोजला जोडून दिलं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला तर टोकनच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर फक्त इंटेलचा, म्हणजे इथे वाट बंद. मग ऑफिसात जुना पीसी होता तो वापरायचं ठरलं, टोकन त्याला लावलं, आणि साहेबांनी मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने तो उघडला तरी सही दिसेना. हेही फार जणांना माहीत नाही, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत गेलं की त्या पीसीला लावलेलं स्मार्टकार्ड किंवा टोकन त्या सेशनमध्ये दिसत नाही, ते तुमच्या समोरच्या मशीनचं कार्ड शोधत असतं. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरने गेलं तर दिसतं, कारण ते त्या पीसीची समोरची स्क्रीनच तुम्हाला दाखवतात. आम्ही सरळ त्या पीसीसमोर बसून सही केली आणि टेंडर वेळेत गेलं. पण त्या माणसाच्या कपाळावर जो घाम होता तो मी बघितलाय, आणि एवढ्यासाठी एखाद्याचं वर्षाचं काम जाऊ शकतं हे बरोबर नाही.

काही टोकनच्या कंपन्या मॅकचा ड्रायव्हर देतात, तो असेल आणि साइटचं सहीचं सॉफ्टवेअर मॅकवर असेल तर विंडोजच्या भानगडीत पडूच नका. वैयक्तिक इन्कम टॅक्स रिटर्न तर आधार ओटीपीने व्हेरिफाय होतं, जीएसटीत प्रोप्रायटरला ईव्हीसीचा ओटीपी चालतो, टोकनची गरजच नाही. बऱ्याच लहान दुकानदारांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

एक्सेलबद्दल थोडं. मॅकवर एक्सेल आहे म्हणून टॅक्सची किंवा ऑफिसची मॅक्रोवाली शीट त्यात उघडतात आणि रनटाइम एरर ४२९ येतो, ॲक्टिव्हएक्स कंपोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट. ॲक्टिव्हएक्स ही विंडोजपुरतीच सोय आहे, मॅकच्या एक्सेलमध्ये ती नाही, कितीही अपडेट केलं तरी येणार नाही. ती शीट विंडोजच्या एक्सेलमध्येच उघडा, व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकलेलं चालतं.

इंजिनिअरिंगच्या पोरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ॲडमिशन झालं की आईबाप कर्ज काढून लॅपटॉप घेतात. कॉम्प्युटर शाखेच्या मुलाला मॅक उत्तम, पायथन, जावा सगळं चालतं. ऑटोकॅडची मॅकची आवृत्ती आहे, मॅटलॅब आहे, ऑटोडेस्कचं डिझाइनचं फ्यूजन आहे (वरचं व्हीएमवेअर फ्यूजन वेगळं). पण सिव्हिलला ईटॅब्स, स्टॅड प्रो आणि रेव्हिट लागतं, मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स आणि कॅटिया, ही सगळी विंडोजची आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये यातली काही उघडतातही, छोटं मॉडेल होतंही, पण रेव्हिट आणि सॉलिडवर्क्सच्या कंपन्या एम चिपच्या मॅकवर त्याला सपोर्ट देत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या ऐन वेळी ग्राफिक्सचा एरर आला की पोरगं कोणाकडे जाणार? वर मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, ८ जीबीच्या मॅकमध्ये ती काढून दिली तर मॅकला काय उरलं? मग आऊट ऑफ मेमरी येतो आणि सगळंच रांगायला लागतं. व्हर्च्युअल मशीन चालवायचंच असेल तर १६ जीबीच्या खाली घेऊ नका.

आणि फॉरमॅटबद्दल मी जे वर लिहिलंय त्याचं खरं कारण हे आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मॅकच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. त्या एका फाइलीत तुमचं विंडोज, तुमची टॅली, तुमच्या पार्ट्यांचे चार वर्षांचे हिशेब सगळं असतं. मॅक फॉरमॅट करणाऱ्याने ती फाइल बघितली नाही तर सगळं जातं, आणि असं गेलेलं मी आपल्याच गावात बघितलंय, ऑडिटच्या तोंडावर. दुरुस्तीला देण्याआधी व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा, नुसतं सस्पेंड नको, आणि ती फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. टॅलीचा डेटा बॅकअप वेगळा घ्या. क्रॅक केलेलं पॅरलल्स किंवा क्रॅक केलेलं विंडोज फुकट टाकून देतो म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका, व्हीएमवेअर फ्यूजन आणि यूटीएम रीतसर फुकट मिळत असताना ती जोखीम कशाला घ्यायची.

संपादकसाहेब, तुमच्या पेपरमार्फत मला तिघांना काही सांगायचंय. मॅक विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला आधी विचारावं की तुमचे कुठले प्रोग्राम आहेत आणि कुठली यूएसबीची वस्तू लावता, आणि त्यातलं काय चालणार नाही ते कोटेशनवर लिहून द्यावं, सगळं चालतं असं तोंडी सांगून मोकळं होऊ नये. वालचंदपासून आष्ट्यापर्यंत जेवढी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत त्यांनी ॲडमिशनच्या वेळीच शाखेनुसार सॉफ्टवेअरची यादी आणि त्यापुढे मॅकवर चालतं की नाही हे नोटीस बोर्डावर लावावं, एका पानाचं काम आहे. आणि सरकारी साइटवर सही करायचं किंवा रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर ठेवणाऱ्यांनी डाउनलोडच्या बटणाशेजारीच लिहावं की हे कुठल्या विंडोजवर चालतं, एआरएमवर चालतं का, मॅकवर चालतं का. आज ते शोधायला माणसाला इन्स्टॉल करून एरर खावा लागतो, तोही शेवटच्या तारखेला.

जमलं तर हे पत्र ॲडमिशनची गडबड सुरू व्हायच्या आत छापा, आणि तुमच्या पुरवणीत आठवड्याला अर्धा कॉलम असल्या एररसाठी दिलात तर मी आणि माझ्यासारखे सर्व्हिसचं काम करणारे वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं विनामूल्य लिहून द्यायला तयार आहोत. प्रश्न पाठवणाऱ्यांनी फक्त चिप कुठली, विंडोज कुठलं, प्रोग्राम कुठला आणि एररचा मोबाइलवर काढलेला फोटो एवढं पाठवावं.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली